घाटकोपर स्टेशनवरचा सत्कार

वह्या मिटा. पेनं खाली. आज शिकवणार नाही, आज ऐकून घ्यायचं.

विषय काय दिला होता? 'मी कोणाला तरी केलेली मदत'. दहावीच्या मुलांना याहून सोपं काय द्यायचं? आणि तुमच्यातला एक महाभाग लिहितो की घाटकोपर स्टेशनच्या पुलावर 'आय फेलिसिटेटेड अ ब्लाइंड मॅन'. म्हणजे सकाळच्या गर्दीत, मेट्रोकडे धावणाऱ्या लोकांच्या पायांत, त्या अंध गृहस्थांचा तू सत्कार केलास! शाल होती का बरोबर? श्रीफळ? हसू नका. मागच्या बाकावर जे जास्त हसतायत, त्यांच्या वह्या अजून यायच्या आहेत.

म्हणे, फॅसिलिटेट लिहायचं होतं. तेही चुकलंच असतं. फॅसिलिटेट माणसाला करत नाहीत, कामाला करतात. ॲडमिशन सोपी व्हावी, व्यवहार अडू नये म्हणून जे करतात ते. कोणाचा हात धरून जिना उतरवला तर ती हेल्प. पहिलीपासून येणारा शब्द, तो लिहायला लाज कसली? मोबाइलवर समानार्थी शब्द शोधायचे, त्यातला सगळ्यात लांबलचक उचलायचा आणि वाक्यात कोंबायचा. लांबीवर मार्क मिळत असते तर मीच फूटपट्टी घेऊन पेपर तपासले असते.

बरं, ज्यांनी हेल्प लिहिलं त्यांनी तरी काय दिवे लावले? 'ही डिड हेल्प टू मी.' अर्ध्या वर्गात हेच. डोक्यात मराठी वाक्य चालू असतं: त्याने मला मदत केली. मग 'केली'चं डिड होतं आणि 'मला'तल्या 'ला'चं टू. अरे, इंग्रजीत हेल्प हेच क्रियापद, 'करणं' त्याच्या पोटातच आहे. माणूस थेट पुढे येतो. ही हेल्प्ड मी. संपलं! टू आला तर पुढच्या क्रियापदाआधी, आणि तोही तुमच्या मर्जीवर: हेल्प्ड मी कॅरी द बॅग म्हणा, नाही तर हेल्प्ड मी टू कॅरी. असिस्टला ही सवलत नाही. तिथे असिस्टेड मी विथ द बॅग, नाही तर इन कॅरिइंग. पण बॅग उचलायला असिस्ट हवाच कशाला? असिस्टमध्ये मुख्य काम दुसऱ्याचं आणि आपण हाताखाली. ऑपरेशन सर्जन करतो, नर्स असिस्ट करते. पोलीस ठाण्यातल्या एपीआयमधला 'ए' तोच, सहायक.

डोळे उघडे ठेवून फिरता का रे? आपली शाळा अनुदानित, इंग्रजी कागदांवर एडेड. सरकार पगाराचे पैसे देतं, ती एड. 'हेल्प्ड स्कूल' कोणी म्हणतं का? आणि विनाअनुदानितवाले शिक्षक आझाद मैदानात का जाऊन बसतात, ते एकदा घरी विचारा. 'अनएडेड'मधल्या त्या 'अन'ची किंमत कळेल. असो. हाच एड ॲबेटच्या शेजारी बसला की मामला पोलिसांचा. एकीनं लिहिलंय, 'माय मदर ॲबेट्स मी इन स्टडीज'. बाळ, तुझी आई तुला अभ्यासाची चिथावणी देते? भारतीय न्याय संहितेचं कलम ४५ वाच, मग आईला तोंड दाखव.

२६ जुलै २००५ ची बातमी लिहायला सांगितली होती. तुमचा जन्म नव्हता, म्हणून घरच्यांना विचारा म्हटलं होतं. किती जणांनी विचारलं? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. ऑफिसातून निघालेली माणसं रात्रभर पाण्यातून चालत होती. ओळख ना पाळख, लोकांनी त्यांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली, कोरडे कपडे दिले. ही हेल्प. अडकलेल्यांना होडीतून बाहेर काढलं, ते रेस्क्यू. नंतर सरकारनं पूरग्रस्तांना दिलं, ते रिलीफ. तुम्ही तिन्ही ठिकाणी 'सपोर्ट' ठोकून मोकळे. गटांगळ्या खाणाऱ्याला सपोर्ट? काठावर उभं राहून पाठिंबा जाहीर केला काय?

आणि 'आय कान्ट हेल्प लाफिंग'चं भाषांतर 'मी हसायला मदत करू शकत नाही' करणारा तो वीर कोण? उभा राहा. हसू आवरत नाही, असं आहे ते. उद्या कोणाकडे जेवायला गेलास आणि त्यांनी 'हेल्प युवरसेल्फ' म्हटलं, तर 'तुमचं तुम्ही बघा' समजून उपाशी परत येशील. वाढून घ्या, लाजू नका, एवढंच म्हणतायत ते बिचारे.

सगळे निबंध पुन्हा लिहायचे. डिक्शनरी लायब्ररीच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आजवर कोणी मागितलेली नाही. मोबाइलवरून उतरवलेला एकही शब्द दिसला तर वही पालकांच्या सहीसकट परत हवी. आणि बेल झाली म्हणून दप्तरं आवरू नका, मी अजून उठलेले नाही.