पुढे राहण्याची हिंमत

सावरगावच्या रस्त्यावर या वेळी पोलीस नाहीतर सैन्याच्या भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतील, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

जपानचा तोशिहिको सेको मॅरेथॉन कशी जिंकायचा? पुढच्या धावपटूच्या मागे सावलीसारखा राहायचा. 1983 साली फुकुओकात टांझानियाच्या जुमा इकांगाला त्यानं अगदी शेवटच्या टप्प्यात गाठलं आणि मागे टाकलं. काय तो संयम!

आपला अविनाश साबळे मात्र दुसऱ्या मातीचा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, धावण्याकडे वळला तो त्यानंतर. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस: 28 अडथळे, वर सात वेळा पाण्यावरून उडी. पाय ओले, बूट जड, आणि लगेच पुढचा अडथळा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. पण 1998 पासून तिन्ही पदकं नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी त्यानं मोडली.

मला जास्त भावते ती 2023 ची हांगझोची शर्यत. पहिल्यापासून तो पुढे. आडोसा नाही, वेग ठरवून देणारं कुणी नाही, मागे सगळे टपलेले. तरीही 8 मिनिटं 19.50 सेकंदांत, आशियाई स्पर्धेच्या नव्या विक्रमासह, तो एकटाच रेषेवर पोचला. मागून आले ते दोघंही जपानचेच, आओकी आणि सुनादा.