नियम आणि सवलत

संस्था मोठी झाली की तिला लिखित आचारसंहितेची गरज भासते. माणसे वाढतात, पैसा वाढतो, परस्परांची ओळख विरळ होते आणि केवळ विश्वासावर कारभार चालेनासा होतो. परंतु संहिता लिहून झाली म्हणजे संस्था नीतिमान झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. याचा धडा ज्या अमेरिकन कंपनीने जगाला दिला तिचे नाव महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे चांगलेच परिचित आहे. ती कंपनी म्हणजे एन्रॉन.

एन्रॉनची २००० सालची आचारसंहिता ६४ पानांची होती. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही चार मूल्ये तीत सांगितली होती. आदराचे विवेचन तर येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील सुवर्णनियमाच्याच धर्तीवर केले होते. कंपनीशी व्यवहार करणाऱ्या उद्योगात अधिकाऱ्याचा खाजगी स्वार्थ गुंतलेला नसावा, असाही तिचा दंडक होता. तथापि १९९९ मध्ये संचालक मंडळाने हाच दंडक वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांच्यापुरता दोनदा शिथिल केला. फास्टो यांनी स्वतः चालविलेल्या भागीदारी संस्थांनी कंपनीशी व्यवहार केले. त्यांतून त्यांना किमान ३ कोटी डॉलर मिळाले आणि कंपनीचे तोटे हिशेबाबाहेर दडविले गेले. ऑगस्ट २००१ मध्ये शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी स्त्रीने अध्यक्षांना पत्र लिहून धोक्याची सूचना दिली, तेव्हा तिला कामावरून दूर करता येईल काय, याबद्दल वकिलांचा सल्ला घेण्यात आला. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि म्हातारपणासाठी साठविलेली पुंजीही बुडाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा नियम कोणी चोरून मोडला नव्हता. रीतसर बैठकीत, ठरावाने तो बाजूला ठेवण्यात आला होता.

संत मार्कच्या शुभवर्तमानात ‘कुर्बान’चा प्रसंग आहे. आपली मालमत्ता देवाला अर्पण केली असे म्हटले की आईवडिलांना पोसण्याच्या कर्तव्यातून मुलगा मोकळा होत असे. येशूने या पळवाटेचा कठोर निषेध केला. मग प्रश्न उद्भवतो की नियमाला अपवाद कधी असूच नये काय? तसे म्हणावे तर शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला येशूने बरे केले, त्याचे काय?

या दोन प्रसंगांतच उत्तर आहे. शब्बाथाचा अपवाद दुर्बळासाठी होता आणि त्याची किंमत येशूने स्वतः मोजली, कारण त्याच्या घाताची मसलत तेथूनच सुरू झाली. कुर्बानची सवलत बळकटासाठी होती आणि तिची किंमत वृद्ध मातापित्यांना मोजावी लागे. म्हणून कोणत्याही संस्थेची परीक्षा करताना तिची संहिता किती पानांची आहे हे पाहू नये. सवलत कोणी मागितली, कोणाला दिली आणि तिचा भार कोणावर पडला, हे पाहावे.

ही कसोटी आपल्या शाळा, रुग्णालये, पतपेढ्या आणि धर्मग्रामातील समित्या यांनाही लागू आहे. तेथे ‘आपलाच माणूस आहे’ एवढ्या कारणावरून नेमणूक होते, कर्ज मंजूर होते, हिशेबाचा प्रश्न पुढच्या सभेवर ढकलला जातो. विचारणारा मात्र संस्थेचा वैरी ठरतो. वास्तविक तोच तिचा खरा हितचिंतक असतो. दाविद राजाला त्याचे पाप दाखविणारा नाथान संदेष्टा राज्याचा शत्रू नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींसंबंधी जो कायदा केला, त्यात तक्रार करणाऱ्यावर सूड उगविण्यास स्पष्ट मनाई केली आहे. चर्चने हे वेदनेतून शिकले आहे.

संहिता अवश्य असावी. परंतु तिचा पहिला अंमल अध्यक्षांच्या खुर्चीवर व्हावा. शिपायाला जो नियम लागू होतो तो विश्वस्तांनाही लागू झाला तरच तो नियम. एरवी ती फक्त दुर्बळांसाठी लिहिलेली ताकीद होय.