तिथी पाहून किनाऱ्यावर

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला समुद्रावर कधी जायचं हे ठरवताना आधी कालनिर्णयच्या पानावरची तिथी पाहा. रविवार कधी येतो ते त्यानंतर. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना एक हिशेब तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. उत्तर येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आत-बाहेर, दिवसा एकदा आणि रात्री पुन्हा. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण फिरायला निघालेल्या माणसाला तो पुरतो.

आता तो उलटा करून पाहा. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा पाणी वर आलेलं असेल. तेही भांगाचं, बेताचं. पौर्णिमेला संध्याकाळी सहाला ओहोटी, आणि ती उधाणाची. जागा तीच, सूर्य तोच, पण समुद्र इतका मागे सरलेला की पाण्यापर्यंत चालत जायचं म्हटलं तरी वाट सरत नाही. चैत्राची नाहीतर वैशाखाची अशी एक पौर्णिमा मनात धरा. पुढचं सगळं तिथे बसून सावकाश पाहायचं आहे. घरी वाचत असाल तर दोन परिच्छेदांमध्ये थोडं थांबा. घाई करण्यासारखं यात काहीच नाही.

चिंचणीसाठी बोईसरला गाडीतून उतरताना अंगाला घाम असतो. शेअर रिक्षा कारखान्यांच्या बाजूने, बाजारातून, वाड्यांमधून जाते आणि कुठेतरी वारा बदलतो. तो क्षण पकडा. उन्हाळ्यातला दुपारनंतरचा हा वारा समुद्रावरून येतो, कारण दिवसभर जमीन पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते. वरची गरम हवा उठते आणि तिची जागा घ्यायला गार हवा आत शिरते. ज्या उन्हाने दिवसभर छळलं, त्याच उन्हाने हा वारा बोलावून आणला आहे. एवढं ध्यानात ठेवून एक श्वास घ्या. त्यात मीठ आहे, वाळत घातलेल्या मासळीचा वास आहे, सुरूच्या सुयांचा किंचित आंबूस वासही आहे.

सुरूची झाडं मागे टाकली की चपला हातात घ्या. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत आणि अजून तापलेली. थोडं पुढे गेलात की ती कडक होते, काळसर होते, गार लागते. हा बदल पायाला आधी कळतो. जिथे कडक वाळू सुरू होते तिथे उभे राहा. दुपारी बाराला इथे पाणी होतं. रात्री बाराला पुन्हा असेल. मधली जागा काही तासांपुरती उघडी पडली आहे, आणि तुम्ही तिच्यावर उभे आहात.

ही जागा आपल्याकडे एवढी रुंद का, हेही समजून घ्यावं. गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटरचा असतो. मुंबईला उधाणात तो पाच मीटरच्या जवळ जातो. वर भावनगरला दहा मीटरच्या आसपास. किनाऱ्याने उत्तरेकडे जाऊ तसा हा फरक वाढत जातो, कारण समुद्राचा तळ इथे उथळ आणि रुंद आहे आणि पुढे खंभातचं आखात निमुळतं होत जातं. आत ढकललेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. पालघरचा किनारा या चढणीवर मध्ये कुठेतरी बसतो. म्हणजे आपल्या संध्याकाळची ही मोकळी जमीन खंभातच्या आकाराने आणि चंद्राच्या ओढीने मिळून दिलेली आहे. केळव्याचा पाणकोट पाहायला जाणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ओहोटीला त्या कोटापर्यंत पायी जाता येतं, भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी.

आता खाली बसा आणि वाळूकडे जवळून पाहा. एका बारीक भोकाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतील, रांगारांगांनी, मध्यातून बाहेर जाणाऱ्या. हे नखाएवढ्या खेकड्यांचं काम. ओहोटी लागली की ते बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. पाणी परत येईपर्यंत हे चालतं. मग पाणी सगळं पुसतं आणि पुढच्या ओहोटीला काम नव्याने सुरू होतं. तुमची सावली पडताच ते बिळात जातील. हलू नका. थोड्या वेळाने एक बाहेर येईल, मग दुसरा. ते बाहेर येईपर्यंत बसून राहणं हीच इथली पहिली करमणूक. मुलं सोबत असतील तर त्यांना हे सांगावं लागत नाही. मोठ्यांना सांगावं लागतं.

मग मान वर करा आणि माणसं पाहा. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

कडक वाळूवर क्रिकेट चाललेलं असतं. स्टंपांच्या जागी वाहून आलेली लाकडं, टेनिसचा चेंडू, एक टप्पा आउट, पाण्यात गेला तर फलंदाजच आउट. मैदानाला भाडं नाही, रेषा नाही, आणि पाणी वर यायला लागलं की सामना आपोआप संपतो. पलीकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली पोरं, कुणी उत्तर प्रदेशातली, कुणी बिहारची, कुणी ओडिशाची, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेसमोर उभी असतात आणि घरच्यांना व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवतात. त्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा इथेच पाहिलेला असतो. साडी सावरत घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या आजीबाई. भेळेच्या गाडीशी झोंबणारी नातवंडं. शेंगदाणे भाजणाऱ्याच्या कढईचा खुळखुळाट. घोडा, घोड्यावर ताठ बसलेलं आणि मनातून घाबरलेलं मूल. गावातल्या मांगेला मच्छीमार घरातली बाई या गर्दीतून पाटी घेऊन सरळ चालत जाते. तिच्यासाठी ही फिरायची जागा नाही, घराचं अंगण आहे.

या प्रत्येकाकडे क्षणभर पाहा आणि त्याच्या आजच्या दिवसाचा विचार करा. एक जण पाळी संपवून आला आहे, त्याच्या कानात अजून यंत्राची घरघर असेल. एक जण रात्रपाळीला जाणार आहे. कुणी विरारहून लोकल धरून आलं आहे. 16 एप्रिल 2013 ला ती डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही नावं मुंबईकरांच्या सुट्टीच्या बेतात आली. इथे येण्याला तिकीट नाही, त्यामुळे कुणाला कुणापेक्षा पुढची जागा मिळत नाही. पैसे मोजून मिळणारी करमणूक माणसांना रांगेत लावते. ओहोटीची वाळू सगळ्यांना एका पातळीवर उभी करते. असं दुसरं ठिकाण आमच्या जिल्ह्यात मला माहीत नाही.

ताडगोळे घ्या. पाटीवालीला घाई करू नका, तिला कोवळे निवडून देऊ द्या. ताडाच्या एका फळात बहुधा तीन गोळे असतात आणि ते कोयत्याने असे काढावे लागतात की आतलं पाणी सांडू नये. त्याआधी कुणीतरी त्या सरळसोट झाडावर चढून घड उतरवलेला असतो. आता एक गोळा तळहातावर ठेवा. तो गार आहे. वरची पिवळसर साल नखाने सोला. तुरट असते, पण उन्हाळी लागलेल्यांना आमच्याकडे सालीसकट खायला सांगतात. आत दुधी काचेसारखा गर. दाताने हळूच फोडा. पाणी जिभेवर येईल, थोडंसंच, आणि गोडही थोडंसंच. लगेच दुसरा उचलू नका. पहिल्याची चव पूर्ण जाऊ द्या. एप्रिल-मेमध्येच हे फळ असं कोवळं मिळतं. पुढे गोळा घट्ट होतो आणि हंगाम संपतो. त्यानंतर जांभळं, बहाडोलीची, भौगोलिक मानांकन मिळालेली. तोवर पाऊस दाराशी आलेला असतो.

सातपाटीला, मुरब्याला, दांडीला उन्हाळ्याची शेवटची गडबड याच दिवसांत असते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्याआधी मासळी वाळवायची, जाळी दुरुस्त करायची, बोटी वर ओढायच्या. बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकलेले पाहाल तेव्हा लक्षात घ्या की एका घराचा सगळा पावसाळा तिथे वाळतो आहे. सातपाटीचं नाव पापलेटसाठी. हाच मासा 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याला वाढायला वेळ मिळावा म्हणून माणसं दोन महिने समुद्रापासून दूर राहतात. आपण सुट्टीत समुद्राकडे येतो, आणि ज्यांचा समुद्र आहे ते त्याला सुट्टी देतात. यावर थोडा वेळ बसून राहावं असं मला वाटतं.

चैत्रातली पौर्णिमा असेल तर आजूबाजूची निम्मी माणसं डहाणूच्या महालक्ष्मीच्या गोष्टी करत असतील. तिची विवळवेढ्याची यात्रा हनुमान जयंतीला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. वारली, कोकणा, मांगेला, भंडारी, गुजरातेतले भाविक, सगळे तिथे. पाळणे, बांगड्या, टोपल्या, उसाचा रस आणि पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी. देवी मूळची डोंगरावरची. एक गर्भवती भक्त चढता चढता थकून पडली, तेव्हा देवीने तिला सांगितलं की तू आता चढू नकोस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याला देऊळ झालं, अशी कथा सांगतात. जिला चढवत नाही तिच्यासाठी स्वतः उतरून येणारी देवी या मुलखाने मानली. यात्रेत एक दिवस आणि समुद्रावर एक संध्याकाळ, एवढ्यात इथल्या कितीतरी घरांचा उन्हाळा भरून पावतो.

मन असं निवांत झालं की त्याला अवघड गोष्टही दाखवावी. तारापूरचं अणुशक्ती केंद्र 1969 पासून वीज देतं आहे आणि तिथली वाफ गार करायला हाच समुद्र लागतो. त्याच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जातं, आणि त्यावर मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. डहाणू तालुक्याला 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलं गेलं. त्याच तालुक्यातल्या वाढवणला होणाऱ्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली, मच्छीमारांचा अनेक वर्षांचा विरोध असताना. चिंचणीहून उत्तरेकडे पाहा. वरोर, वाढवण तिकडेच आहेत. तुमचं मत काहीही असो, पण ज्या वाळूवर तुम्ही आता बसला आहात ती कुणाच्या तरी पोटाची वाट आहे, एवढं मनात ठेवून त्या दिशेला पाहत राहा. राग आला तर येऊ द्या. तो या मननाच्या बाहेरचा नाही.

सूर्य टेकला की लोक फोटो काढतात आणि उठायला लागतात. तुम्ही उठू नका. पौर्णिमा आहे, म्हणून समोर सूर्य बुडतो त्याच सुमारास पाठीमागे सुरूच्या वर चंद्र येतो. वळून बसा. हे दोन्ही एका संध्याकाळी पाहायला मिळतं ते महिन्यातून एखाददुसऱ्या दिवशीच, आणि तेही बहुतेक जण समोर पाहत असतात म्हणून निसटतं. पाणी परत फिरलेलं असतं. सुरुवातीला ते कळत नाही, वाळूतल्या सखल चरांमधून ते आधी तुमच्या मागे जातं. म्हणून पुढे फार खोलवर बसू नका आणि मुलांवर लक्ष असू द्या. वाळूवर गाडी तर मुळीच नेऊ नका. रुतलेली गाडी भरतीत सापडल्याचं या किनाऱ्याने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मे संपायच्या आत एक पौर्णिमा निवडा. उन्हं कलली की निघा, पाच वाजेपर्यंत पोचा, अंधार पडल्यावर अर्धा तास तरी बसा. सोबत म्हाताऱ्या माणसांना आणा. त्यांना तिथीचा हिशेब माहीत असेल तर मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. आणि आणलेल्या बाटल्या, पिशव्या, भेळेचे कागद सगळे परत न्या, कारण रात्री बाराला पाणी तिथवर येणार आहे.