पंगत आणि जनरल डबा

नांदेडहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला पोचेपर्यंत दोन हजार किलोमीटर कापते. वाटेत भोपाळ, नवी दिल्ली अशा स्थानकांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. माहितगार प्रवासी घरूनच ताटली आणतात. कढी-भात, छोले वाढताना तिकीट कुणी विचारत नाही. एसीतल्या माणसाला जे मिळतं, तेच जनरलमध्ये दाटीवाटीनं उभ्या असलेल्याला.

लंगराची रीत गुरू नानकांपासूनची. परंपरा सांगते, की गुरू अमरदासांनी आपल्या भेटीआधी पंगतीत बसणं सर्वांनाच बंधनकारक केलं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला. तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात ती पंगत आजही बसते.

मग ताटातली समता रेल्वेच्या बाकापर्यंत का येत नाही?

रेल्वे हा व्यवहार आणि लंगर हा धर्म, असं म्हणून सुटका करून घेता येते. शीख विचार मात्र ही फारकत मानत नाही. नामस्मरण, कष्टाची कमाई आणि वाटून खाणं हे तिन्ही तिथे एकत्र येतं. दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा इतरांसाठी काढायचा. म्हणजे कुणाच्या खिशात किती, हा प्रश्नही धर्माच्या कक्षेतलाच.

पंगतीत उशिरा आलेल्यासाठी लोक सरकून घेतात. वाढप आपल्यापर्यंत येणार, ही खात्री असते म्हणून. ही खात्री नसली की काय होतं, ते लातूरनं २०१७ मध्ये पाहिलं. लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत वाढवली आणि लातूरकर आंदोलनाला उतरले. त्यांचा राग खोटा नव्हता. मुंबईला शिकायला, कामाला, दवाखान्याला जाणाऱ्यांची ती हक्काची रात्रगाडी. ज्याला परवडतं तो खासगी स्लीपर बसनं जातो. ज्याला नाही, त्याची जागा गेली की रात्र दाराशी बसून काढायची. त्याला बिदरकर परका वाटला, यात दोष टंचाईचा अधिक.

पुढे तोडगा निघाला: आठवड्यात चार दिवस गाडी लातूरची, तीन दिवस बिदरची. बिदरची गाडी लातूरवरूनच जाते आणि पुढे उदगीरला थांबते. उदगीर लातूर जिल्ह्यातलंच. गाडी लातूरलाच राहावी म्हणून घोषणा चालल्या होत्या, तेव्हा मुंबईला निघालेला उदगीरचा मजूर त्या पंगतीत कुठे बसला होता?