नाताळचं ताट

गेल्या नाताळात माझा भाचा दोन दिवसांसाठी वसईला आमच्याकडे आला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, नमाजी, अदबीनं बोलणारा मुलगा. २५ तारखेला सकाळी शेजारच्या मावशींच्या घरून दरवर्षीप्रमाणे रुमालानं झाकलेलं स्टीलचं ताट आलं. करंज्या, कुलकुल, केकचे चार तुकडे. त्यानं ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "मामू, हे आपण घ्यायचं का?"

मी म्हटलं, "चाळीस वर्षं घेतोय."

"ते ठीक आहे. पण का घेतोय?"

प्रश्नात उर्मटपणा नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळ तयार उत्तरही नव्हतं. सवयीला कारण कोण विचारतो?

बाहेरच्यांना वसईचा नाताळ म्हणजे काहीतरी विलायती प्रकरण वाटतं. इथं पोर्तुगीज १५३४ साली आले आणि १७३९ साली गेले, पण इथला ख्रिस्ती माणूस मराठीच राहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अनेकांना नवल वाटलं; आमच्या गल्लीत कुणालाच वाटलं नाही. डिसेंबर लागला की मावशींच्या अंगणात बांबूच्या काड्यांचा तारा उभा राहायचा. मुलं पेंढ्याचा गोठा करायची, त्याच्यापुढे शेत दिसावं म्हणून थाळीत गहू पेरायची. असा गोठा पहिल्यांदा मांडला तो इटलीत, संत फ्रान्सिस यांनी, १२२३ साली. हेच फ्रान्सिस त्याआधी चारच वर्षं, क्रूसयुद्ध चालू असताना, इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला भेटायला त्याच्या छावणीत गेले होते आणि सुखरूप परतले होते. हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पोरं गोठा बघायला जायचो ते गव्हाच्या कोंबांसाठी आणि मावशी हातावर काय ठेवतात त्यासाठी.

मावशींच्या घरात केकचा सुका मेवा रममध्ये भिजत पडायचा. आमच्या वाट्याचा मेवा मात्र वेगळ्या बरणीत, संत्र्याच्या रसात. ही बरणी कधी सुरू झाली, कुणी सांगितलं म्हणून सुरू झाली, कुणालाच ठाऊक नाही. अम्मीनं कधी विचारलं नाही आणि मावशींनी कधी बोलून दाखवलं नाही.

ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हा अम्मीचा नियम. नाताळच्या ताटात ती न चुकता खजूर ठेवायची. एकदा मावशींनी कारण विचारलं. अम्मीनं सांगितलं की आमच्या कुराणात बीबी मरियमच्या नावाची सूरह आहे, आणि तिच्यात हजरत ईसांचा जन्म खजुराच्या झाडाखाली होतो. कळा सोसणाऱ्या त्या एकट्या बाईला अल्लाह खजूर खायला देतो. मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत. एका वर्षी बाजारात चांगला खजूर मिळाला नाही म्हणून अम्मीनं शिरा भरून पाठवला, तर मावशी कुंपणावरून विचारत्या झाल्या, "भाभी, खजूर नाही या वेळी?"

भाच्याला मी आधी शास्त्रार्थ सांगितला. सूरह माइदाची पाचवी आयत ग्रंथधारकांचं अन्न आपल्याला हलाल ठरवते आणि आपलं त्यांना. सूरह मुम्तहिनाची आठवी आयत, जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत त्यांच्याशी भलेपणानं आणि न्यायानं वागण्यापासून अल्लाह रोखत नाही, असं सांगते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं, आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का? हे सगळं त्याला माहीत होतं.

तो म्हणाला, "मामू, हलाल-हरामचं नाही म्हणत मी. नीयतीचं म्हणतोय. ते देतात म्हणून आपण देतो, आपण देतो म्हणून ते देतात. यात सवाब कसला? हा तर व्यवहार झाला."

इथं मी अडलो. त्याचं म्हणणं हलकं नाही. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच विद्वानानं १९२५ साली भेटवस्तूंवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यानं हेच दाखवलं होतं की फुकट भेट अशी नसते, देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात. आणि कुराणातही दोन आयती मला वर्षानुवर्षं एकमेकींच्या समोर उभ्या दिसत आल्या. सूरह दहरमध्ये नेक माणसं भुकेल्याला जेवू घालतात आणि म्हणतात की आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको, आभारही नकोत. सूरह निसाच्या शहाऐंशीव्या आयतीत मात्र हुकूम आहे की कुणी सलाम केला तर त्याहून चांगला सलाम परत करा, निदान तेवढा तरी करा. एकीकडे परतफेड नको, दुसरीकडे परत केल्याशिवाय राहू नका. मग खरं काय?

विचार करता मला असं दिसतं की दहरच्या आयतीत जेवणारा कोण आहे ते आपण नीट वाचत नाही. तो मिस्कीन आहे, यतीम आहे, कैदी आहे. त्याच्या हातात परत द्यायला काहीच नाही, म्हणून त्याच्याकडून आभारांचीही अपेक्षा धरणं लाजिरवाणं आहे. शेजाऱ्याचं तसं नाही. त्याच्या हातात आहे. त्याला परत देऊ न देणं, त्याला कायम घेणाराच ठेवणं, हा गर्व झाला. मावशींचं ताट नाकारून मी ईदचा शीरखुर्मा मात्र त्यांच्याकडे पाठवत राहिलो, तर तो सवाब असेल की मिजास?

शिवाय व्यवहाराच्या हिशेबात न बसणारंही काही असतं. १९९८, १९९९ आणि २००० या तिन्ही वर्षी नाताळ रमजानमध्ये आला. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ही गाठ तीसेक वर्षांनी पडते. १९९९ साली २५ तारखेला सकाळी ताट आलंच नाही. अम्मीला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण ती बोलली नाही. संध्याकाळी मी बाजारातून फळं घेऊन परतलो तर मावशींचा दहा वर्षांचा नातू आमच्या पायरीवर ताट धरून उभा. नवे कपडे, नवे बूट. म्हटलं, आत जा ना. तर म्हणतो, "आजीनं सांगितलंय, बांग झाल्याशिवाय कडी वाजवायची नाही." किती वेळ उभा होता, विचारलं. त्याला घड्याळ कळत नव्हतं म्हणून तो आधीच येऊन थांबला होता. नाताळच्या दिवशी, खेळ सोडून.

करंज्यांच्या बदल्यात खजूर जातो. त्या थांबण्याच्या बदल्यात काय पाठवणार?

अम्मीनंही असं एकदा केलं होतं. मावशींचे यजमान नोव्हेंबरात गेले. सुतकाच्या घरात त्या वर्षी तारा लागला नाही, तळणी चढली नाही. अम्मीनं ठरवलं की त्या घरातल्या मुलांना नाताळला कुलकुल मिळालेच पाहिजेत. तिला ते येत नव्हते. पिठाची गोळी नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची असते एवढं तिनं पाहिलं होतं. तिनं बाजारातून फणी आणली, दोन घाणे बिघडवले, तिसरा जमला. आमच्या एका चुलत्यांना हे आवडलं नाही. "आता आपल्या घरात नाताळचा फराळ होणार काय?" अम्मी म्हणाली, "आपल्या घरात नाही. त्यांच्या घरात." चुलते त्यावर गप्प बसले, त्यांना पटलं होतं असं मात्र मला वाटत नाही.

अम्मी गेल्यावर ताटाची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि मी ती बिघडवली. हात जरा सैल झाला होता. निसाच्या आयतीतल्या 'त्याहून चांगलं'चा अर्थ मी 'त्याहून महाग' असा लावला असावा. मुंबईहून सुक्या मेव्याचा मोठा डबा आणून मी तो ताटासकट पाठवला. पुढच्या वर्षी मावशींकडून करंज्या आल्या नाहीत. दुकानातला मोठा केक आला, चकचकीत खोक्यात. त्या घराची ओढाताण मला ठाऊक होती. तो केक माझ्या घशाखाली उतरेना. भाचा ज्याला व्यवहार म्हणतो तो मी स्वतः सुरू केला होता, आणि म्हाताऱ्या बाईला त्यात ओढलं होतं. पुन्हा करंज्या यायला तीन वर्षं लागली.

या ताटांबद्दल मोठं काही बोलायला मी धजत नाही. डिसेंबर १९९२मध्ये आमच्या घरी मुंबईहून आलेले नातेवाईक होते. नाताळचं ताट आलं तेव्हा माझ्या मामांनी हात लावला नाही. त्यांच्या गल्लीतही दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा वर्षानुवर्षं ये-जा करत होता. पुढे जानेवारीत पुन्हा पेटलं. श्रीकृष्ण आयोगानं दोन्ही टप्पे मिळून नऊशे मृत्यू नोंदवले. त्यातल्या कितीतरी घरांनी एकमेकांची ताटं धुऊन परत केली असतील. मामांना उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आजही नाही. अम्मीनं एवढंच केलं, मामांच्या वाट्याची करंजी झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती वाटी रिकामी होती. कुणी खाल्ली ते तिनं विचारलं नाही.

हे सगळं मी भाच्याला एका बैठकीत सांगितलं असं नाही. काही सांगितलं, काही त्या रात्री मनाशीच. दुसऱ्या दिवशी ताट धुतलं, त्यात खजूर ठेवला, फक्त खजूर, आणि त्याला म्हटलं, "देऊन येतोस का?" तो जरा थांबला, मग उठला. केकचा एक तुकडा त्यानं आदल्या रात्री खाल्ला होता की नाही, मी पाहिलं नव्हतं.

परत यायला त्याला अर्धा तास लागला. म्हणाला, "मामू, त्या विचारत होत्या, नानीची ती फणी अजून आहे का?"

मी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं पाहिली, माळ्यावरची पेटी उघडली. फणी सापडली नाही.