अर्धं तिकीट, पुरी चौकशी

सकाळी मेडशीच्या थांब्यावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत पोरगा-पोरगी उभी असतात. दोघंही विशीतली, दोघांच्याही खांद्याला बॅग. टपरीवरून पोराला आवाज येतो, "जाय बापा, गावात काय ठेवलं?" पोरीला मात्र, "एकटीच चालली? घरी माहीत आहे ना वं?"

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना तिकीट अर्धं झालं. चौकशी पुरीच राहिली.

गाव सोडावंसं वाटणं हे पोराचं कर्तृत्व आणि पोरीचे थेर, हे माप आपल्याला खटकतच नाही. वऱ्हाडातल्याच एका बाईला ते खटकलं होतं. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारलं, बायकांच्या माथी मारता ते दोष पुरुषांच्या अंगी नाहीत का? जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची पाठराखण केली. पुढे विस्मरणात गेलेलं हे पुस्तक स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा उजेडात आणलं. थांब्यावरचे दोन प्रश्न ऐकले, की ते आजही जुनं वाटत नाही.

बाहेर पडायची पोरीला आपण एकच वाट ठेवली आहे, लग्नाची. मग ती म्हणते, पुण्याचा पाहा, नोकरीवाला पाहा, शेतकरी नको. पारावरची मंडळी कपाळाला हात लावतात; पोरी शेफारल्या, म्हणतात. मला त्यात नखरा दिसत नाही. स्वतःच्या पायानं जाता येईना, म्हणून ती नवऱ्याच्या पायानं निघाली.

आणि बाप? अकोल्याच्या वसतिगृहात ठेवायला त्याचा जीव धजत नाही. तोच दोन बैठकांच्या ओळखीवर तिला पुण्यातल्या परक्या घरात पाठवतो. भीती शहराची असती, तर तेव्हाही वाटली असती. भीती आहे ती तिनं स्वतः ठरवण्याची.

शहरात फसवणूक होते, हे खरं. पण घरी न सांगता निघालेली पोरगी जास्त सहज फसते, कारण तिला घरी फोन करायची सोय राहत नाही. म्हणून घरानंच तिला पाठवावं. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकार भरतं. खोलीचं भाडं, तिच्या नावचं बँकेचं खातं आणि परतीचं उघडं दार एवढं घरानं द्यायचं. त्यात दार सगळ्यात अवघड. पोरगा परत आला तर "जमलं नाही" म्हणतात, पोरगी आली तर "काय झालं असेल?"

म्हणून सुरुवात थांब्यावरच करावी. बापानं सोबत यावं, सगळ्यांदेखत तिची बॅग गाडीत चढवावी आणि म्हणावं, "पोचली की फोन कर." टपरीवरच्या चौकशीला एवढं उत्तर पुरे.