पदर खोचलेला शब्द

जुलैतली सकाळ. ऑकलंडच्या न्यू लिनमध्ये साडेसहालाही अंधारच असतो. स्वयंपाकघरातला दिवा तेवढा लागलेला आणि टेबलाशी भाची वही उघडून बसलेली. ती इथल्या एका रेस्ट होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. कायमच्या वास्तव्यासाठी तिला पीटीई ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे, ५८ गुण हवेत. रोज पाच शब्द हा तिचा नेम. आजचा पहिला शब्द ‘सक्सिंक्ट’. त्याच्यापुढे तिने लिहिलं होतं, ‘थोडक्यात’.

“मावशी, एवढंच ना?”

मलाही एवढंच वाटत होतं. तरी कोश काढला. शब्द लॅटिनमधून आलेला. ‘सुब’ म्हणजे खालून, ‘किंगेरे’ म्हणजे कमरेला बांधणं. रोमन माणूस कामाला लागताना पायघोळ अंगरखा वर ओढून कमरपट्ट्यात खोचायचा. अशा खोचून तयार झालेल्या माणसाचं हे विशेषण. इंग्रजीतही आधी तोच अर्थ आला, बोलण्या-लिहिण्याला तो नंतर लागला.

वाचलं आणि आई डोळ्यांसमोर उभी राहिली. पाणी भरायला निघाली की ती पदर पाठीवरून पुढे ओढायची, त्याला एक पीळ द्यायची आणि डाव्या कमरेला खोचायची. सगळं चालता चालता, खाली न बघता. पुढच्या क्षणी दोन्ही हात कळशीला मोकळे.

मराठीला हे नातं कुणी शिकवावं लागलं नाही. कपडे सुटसुटीत असतात, तसं वाक्यही सुटसुटीत असतं. परकराला घोळ असतो, आणि बोलण्यातही घोळ होतो. केस आवरावे तसं भाषणही आवरतं घ्यावं लागतं.

म्हणून मला ‘थोडक्यात’ हा अर्थ अपुरा वाटतो. थोडक्यात म्हटलं की माणूस कात्री शोधतो. पण काष्टा घातला म्हणून लुगड्याचं कापड बोटभरही कमी होत नाही. भातलावणीला चिखलात उतरलेल्या बाईच्या अंगावर नऊच्या नऊ वार असतात, फक्त ते पायांत येत नाहीत. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रं अशीच. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं जुने लोक सांगत. पण मात्रा वाचवण्यापायी नियमच निसटला तर त्या आनंदाला अर्थ काय?

भाचीची अडचणही नेमकी इथेच होती. परीक्षेत एक उतारा देतात, जास्तीत जास्त तीनशे शब्दांचा. दहा मिनिटांत त्याचा सारांश लिहायचा, एकाच वाक्यात, ५ ते ७५ शब्दांत. दुसरा पूर्णविराम पडला की त्या प्रश्नाचे गुण गेले. पूर्णविरामाच्या धास्तीने ती इतकं काटत जायची की उताऱ्याचा जीवच निघून जायचा. कालच्या सरावाच्या उताऱ्यात मधमाश्या होत्या, फवारणी होती आणि फळबागांचं घटलेलं पीक होतं. तिच्या एकोणीस शब्दांत माश्या कमी झाल्या आणि पीकही घटलं. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, ते कुठेच नव्हतं.

“फवारणी कुठे गेली?”

“शब्द वाढत होते, मावशी.”

“पंचाहत्तरपर्यंत मुभा आहे. कापू नकोस, खोच.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी उठून उभी राहिले, ओढणी पाठीमागून पुढे घेतली, पीळ दिला आणि कमरेला खोचून दाखवली. आज्जीची आठवण तिलाही आली असावी, कारण ती काही न बोलता वहीकडे वळली. पेन बराच वेळ नुसतं हातात होतं. मग एक ओळ खोडली, ‘बिकॉज’ लिहिला, आणि त्याच्यामागून फवारणी वाक्यात आली, माश्यांच्या आणि पिकाच्या बरोबर मध्ये. बोट ठेवून तिने शब्द मोजले. चौतीस. पूर्णविराम एकच.

वर जाऊन ‘थोडक्यात’वर तिने रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘पदर खोचून’. खिडकीबाहेर अजून उजाडलं नव्हतं. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून ती स्टेशनकडे निघाली, वही बगलेत धरून.